सारण, पेटी आणि नाताळ

डिसेंबरचा तिसरा आठवडा. लॅपटॉपवर तीन फाइल्स उघड्या... ‘पुण्यातले दहा बेस्ट प्लम केक’, ‘सिक्रेट सांताला काय द्याल?’ आणि ‘थर्टीफर्स्टचा लुक’. तिन्हींची डेडलाइन एकच. त्यात आईचा फोन.

‘अगं, येतेयस ना? करंज्या कोण भरणार?’

मी नगरची. म्हणजे २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर, पण एसटीत तिकीट काढताना तोंडातून अजून ‘एक नगर’ असंच निघतं. घर मराठी ख्रिस्ती. हे पुण्यात कुणाला सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले. ‘म्हणजे गोव्याची का?’ आणि ‘घरी इंग्लिश बोलता?’ दोन्हींचं उत्तर ‘नाही’. आमच्या घरी नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे असतात आणि चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजन.

गेली पाच वर्षं माझा फंडा सोपा होता. चोवीसच्या रात्री पोचायचं, पंचवीसला नवा ड्रेस, फोटो, सव्वीसला परत. तयारीची सगळी दगदग आई आणि आजीच्या खात्यात. यंदा आजी नव्हती. जूनमध्ये ती गेली. त्यामुळे आईचा प्रश्न नुसता करंज्यांचा नाही, एवढं मला फोनवरही कळलं. लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि वीस तारखेलाच शिवाजीनगरहून एसटी पकडली.

ओवी इथलीच

सुपं मागे पडलं की हवा बदलते. कोरडी, बोचरी थंडी सुरू होते. तशीच आमची नाताळाची चवही पुण्यापेक्षा वेगळी.

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. पुढे सिंथिया फरार यांनी इथे मुलींना शिकवलं. सावित्रीबाई फुले अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यायला त्यांच्याकडेच आल्या होत्या. पण आमच्या प्रार्थनेला मराठी सूर दिला तो रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा दुरावल्या. नंतर १९०० साली राहुरीत त्यांनी स्वतःच्या विचाराने तो घेतला. टिळकांच्या मनात तुकोबा इतके मुरलेले की येशूची गाणीही अभंगांच्या वळणाने आली. आमच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची शंभराहून जास्त पदं आहेत. १९१९ साली ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, ओवीत. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासंही याच जिल्ह्यातलं, तेव्हा ओवी आम्हाला परकी कशी असेल?

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ची तेलाचे डाग पडलेली एक प्रत आजी फडताळात, डाळींच्या डब्यांशेजारी ठेवायची. म्हणायची, ‘ह्या बाईच्या घरात सारखी माणसं. निवांत झाल्यावर लिहीन म्हणाली असती, तर एक पान झालं नसतं.’ मी ऐकून सोडून द्यायचे.

‘आजींची ओळ कोण घेणार?’

एकवीसची संध्याकाळ. आई लाटत होती, मी भरत होते, शेजारच्या मावशी तळणीपाशी. सुकं खोबरं, खसखस, वेलची, पिठीसाखर. सारण जास्त झालं की करंजी तेलात फुटते, कमी झालं की खुळखुळा. माझ्या पहिल्या दहांपैकी चार फुटल्या. तेवढ्यात फोन थरथरला. केकचे फोटो हवे होते, अर्जंट.

आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीत भजनाची मंडळी आली. घरोघरी जायच्या आधीची तालीम कायम आमच्याकडेच, कारण पहिली ओळ आजी उचलायची. पेटीवाल्या काकांनी सूर धरला आणि थांबले.

‘आजींची ओळ कोण घेणार?’

कुणीच बोललं नाही. मग आई लाटणं हातात तसंच घेऊन दारात जाऊन उभी राहिली आणि गायला लागली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज फुटला. तिसरी ओळ मी उचलली. ठरवून नाही, आपोआप! मला सगळे शब्द पाठ होते. ते कधी पाठ केले? कधीच नाही. लहानपणी आजीशेजारी बसून, कातण्याने करंजीची कड कापता कापता कानावर पडलेले.

फोन पुन्हा थरथरला. माझे हात तुपाने माखलेले. वाजू दिला. मावशीही दारात येऊन गात होत्या, त्यामुळे एक घाणा करपला. कुणी काही बोललं नाही.

खरं सांगू? अध्यात्म म्हणजे कामं उरकल्यावर करायची गोष्ट, असंच मला वाटायचं. एखादा सायलेंट वीकेंड, फोन बंद, समोर डोंगर. तो वीकेंड काही आला नाही. आणि बाळाच्या जन्माची गोष्ट तरी कसली शांत? शिरगणतीची धावपळ, गावात गर्दी, उतारशाळेत जागा नाही, नऊ महिने भरलेली बाई गोठ्यात. त्या गर्दीतल्या कुणीही ‘आधी हे काम आटपू’ म्हणून मान खाली घातली असती, तर शेजारच्या गोठ्यात काय घडतंय ते त्याला कळलंच नसतं. मी पाच वर्षं तेच करत होते, कपाळावर एक आठीही न पडता.

त्या रात्री दीडला केकची स्टोरी पाठवली. दहाच्या ऐवजी नऊच केक होते. डेडलाइन तर हुकलीच होती.

चोवीसच्या रात्री चर्चमध्ये आईशेजारची आजीची जागा रिकामी होती. उपासना सुरू होता होता कुणाचं तरी चार वर्षांचं पोर तिथे येऊन बसलं, खिशातून करंजी काढून खाऊ लागलं. आईने त्याला हळूच आत सरकवलं आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं.

पहिली ओळ मी उचलली.

जायचं असेल तर...
पुण्याहून नगर साधारण १२० किलोमीटर. शिरूर, सुपं मार्गे. चर्चमधल्या उपासनेला पाहुण्यांचं स्वागतच असतं, पण वेळ आधी विचारून घ्या. हाताशी एक दिवस जास्त असेल तर नेवाशाला पैस खांबाचं दर्शन घ्या. आणि कुणी फराळाला बोलावलं तर नाही म्हणू नका!