शटर नसलेले दुकान

जुन्या माणसांच्या तोंडी शिरूर अजूनही घोडनदीच आहे, आणि घोडनदीच्या बाजारपेठेत दुकान ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट असते. सकाळी शटर वर जाते, पायरीवर पाणी शिंपडले जाते, मालक गादीवर येऊन बसतो आणि धंदा सुरू झाल्याचे साऱ्या गल्लीला कळते. पेठेतल्या एका घरी तीन पिढ्यांपासून असे कापडाचे दुकान आहे. त्याच घराच्या माडीवर, शिलाई यंत्राशेजारच्या टेबलावर, गेली काही वर्षे दुसरेही एक दुकान चालते. त्याला शटर नाही, पाटी नाही, उघडण्याची ठरलेली वेळ नाही. बंद होण्याची तर नाहीच. घरची थोरली सून तेथे बसून संकेतस्थळे तयार करते आणि परिसरातील व्यापाऱ्यांची ऑनलाइन जाहिरात सांभाळते. पाटी नसल्यामुळेच असेल, पण हा धंदा आहे हे घरातल्यांच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

तिचे माहेर दौंडचे. मुंबई-सोलापूर लोहमार्गाला मनमाडकडून येणारा मार्ग जेथे मिळतो ते हे जंक्शन. तेथली माणसे घड्याळापेक्षा गाड्यांच्या वेळांवर अधिक विसंबतात. वडिलांचे स्टेशनजवळ किराणा दुकान होते. वाणिज्य शाखेची पदवी, पुण्यातील अभ्यासक्रम, तेथेच एका कंपनीत चार वर्षे नोकरी, मग विवाह आणि रेल्वे नसलेल्या शिरूरमध्ये आगमन. थोरल्या मुलाच्या जन्मानंतर नोकरी सुटली. २०१६ मध्ये मोबाइलचे इंटरनेट अचानक स्वस्त झाले, त्याच वर्षी यूपीआय आले, आणि तालुक्याच्या गावातील गिऱ्हाईकही वस्तू घेण्याआधी फोनवर शोधू लागले. तिने प्रथम सासऱ्यांच्या दुकानाचे पान तयार केले, ते घरात कौतुकापुरते राहिले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पेठेतली सगळी शटरे खाली आली, तेव्हा मात्र शेजारच्या चार दुकानदारांना माडीवरच्या सुनेची आठवण झाली.

तिचा दिवस साडेपाचला सुरू होतो. पाणी, डबे, धाकटीची वेणी, शाळेची गाडी, सासऱ्यांचा नाश्ता. कामाचा खरा निवांत वेळ सासूबाई सामायिकाला बसतात तेव्हाचा. ती ४८ मिनिटे घरात कोणी कोणाला हाक मारीत नाही, आणि ज्या कामात एक स्वल्पविराम चुकला तरी सगळे पान कोलमडते, ते काम ती याच वेळासाठी राखून ठेवते. दुपारी दोननंतर फोन सुरू होतात, कारण दुकानांतली गर्दी तेव्हा ओसरलेली असते. "ताई, तो फोटो जरा मोठा करा." "ताई, भाव बदललाय." चारला मुले परततात. रात्री दहानंतर पुन्हा टेबल. वीज मध्येच गेली, तर फोनचे इंटरनेट लॅपटॉपला जोडून अंधारात काम पुढे चालते. सासूबाई पूर्वी म्हणत, "सून दिवसभर मोबाइल घेऊन बसते." त्यात दुष्टावा नव्हता, त्यांना दिसत होते तेवढेच त्या सांगत होत्या. पुढे तिने त्यांनाच कामात ओढले. नवे पान तयार झाले की ते सासूबाईंच्या हाती द्यायचे आणि चष्म्याशिवाय दुकानाचा फोन नंबर शोधायला सांगायचे. त्यांना सापडला नाही, तर अक्षर लहान आहे किंवा नंबर चुकीच्या जागी आहे. पुण्यातल्या कंपन्या याच परीक्षेसाठी स्वतंत्र माणसे नेमतात.

मराठी अक्षरांचा जाच मात्र वेगळाच. व्यापाऱ्याकडे मजकूर असतो, पण तो छपाईवाल्याने श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेला. तो जसाच्या तसा संकेतस्थळावर चिकटवला तर 'साडी' शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी उमटते. मग सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि रूपांतरात तुटलेले रफार, जोडाक्षरे व वेलांट्या एकेक करून तपासायच्या. याचे पैसे कोणी वेगळे देत नाही; हे काम आहे हेच कोणाला ठाऊक नसते. दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असेच काम चालत असे. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर तेथे आश्रयाला आलेल्या मुली-बायकांना त्यांनी इतर कामांबरोबर छापखान्यातले कामही शिकवले. खिळे जुळवणे, छापणे, पुस्तक बांधणे हे सारे स्त्रियांच्या हातून होई. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही त्यांनीच छापले. मराठी अक्षर सरळ रेषेत नीट उभे करण्याचा उद्योग या परिसरातील स्त्रियांना नवा नाही. शिशाच्या खिळ्यांची जागा पडद्याने घेतली, इतकेच.

ऑनलाइन जाहिरातीत गावाचे नावही दगा देते. शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, तसे शिरूर कासार बीड जिल्ह्यात आणि शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यात आहे. लोकसभेच्या शिरूर मतदारसंघाच्या पोटात तर भोसरी आणि हडपसरही येतात. सुरुवातीच्या एका जाहिरातीला भरपूर चौकश्या आल्या, पण निम्म्या फोनवरची माणसे बीडकडची निघाली. दुकानदार खूश आणि विक्री शून्य! तेव्हापासून ती नावावर भिस्त ठेवत नाही. नकाशावर दुकानाभोवती ठरावीक किलोमीटरचे वर्तुळ आखून तेवढ्यातच जाहिरात फिरवते. दौंडची अडचण स्पेलिंगची. इंग्रजी अमदानीत ते 'धोंड' असे लिहिले जाई, आता कोणी ए-यू घालतो, कोणी ओ-यू. शोधणाऱ्याच्या बोटांना जे सुचेल ते सगळे पानात कोठे तरी असावे लागते. जाहिरातीचे पैसे ती व्यापाऱ्याच्याच खात्यातून थेट भरायला लावते, त्यावरचा १८ टक्के जीएसटी आधी सांगते आणि स्वतःची मजुरी वेगळी लावते. परक्या पैशाला आपल्या खात्याची वाट दाखवू नये, हे तिने किराणा दुकानात वडिलांकडून घेतलेले शिक्षण.

या धंद्याचा सर्वांत नाजूक भाग डिझाइन नव्हे, ठेव आहे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावे लागते. "एकदा दिले ना पैसे?" हा प्रश्न तिला प्रत्येक व्यापारी विचारतो आणि "गाळ्याचे भाडे एकदाच देता का?" हे तिचे ठरलेले उत्तर. पण ते नाव नोंदवायचे कोणाच्या नावाने? अनेक जण ते स्वतःच्या नावाने नोंदवून मोकळे होतात, म्हणजे गिऱ्हाईक आयुष्यभर बांधलेले राहते. शिरूरच्या एका दुकानदाराचे आधीचे काम अशाच कोणी केले होते. तो माणूस पुढे फोन उचलेनासा झाला, मुदत संपली आणि कापडी पिशव्यांवर हजारोंनी छापलेले नाव हातचे गेले. तिने पहिल्या दिवसापासून प्रत्येक डोमेन मालकाच्या नावावर आणि मालकाच्याच ई-मेलवर नोंदवले. पासवर्ड बंद पाकिटात घालून त्याच्या हाती दिले. मुदतीच्या सर्व तारखा मात्र तिच्या वहीत असतात. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार आहे आणि कूटलेखक्रियाही आहे. दुसऱ्याची ठेव दाबणे आणि खोटा लेख तयार करणे, ही दोन्ही प्रलोभने या नव्या व्यवसायात जुन्या सराफीइतकीच जवळ बसलेली असतात.

खोट्या लेखाचा प्रश्न तर आठवड्याआड येतो. "पंचवीस-तीस चांगले अभिप्राय टाकून द्या ना, सगळेच टाकतात." भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक काढले, पण पेठेत मानकाचा दाखला देऊन चालत नाही. ती एवढेच सांगते की खऱ्या गिऱ्हाइकाला बिलाबरोबर विनंतीची चिठ्ठी द्या, अभिप्राय सावकाश येतील. काही ऐकतात, काही दुसरीकडे जातात.

दौंड तालुक्यातील एका गुऱ्हाळमालकाचे प्रकरण अधिक अवघड होते. माहेरच्या ओळखीचे, वयाने वडील, आणि रक्कम बरी. त्यांना पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत 'सेंद्रिय गूळ' हवे होते. ऊस युरियावर वाढवलेला, हे त्यांनी स्वतःच गप्पांत सांगितले होते. सेंद्रिय म्हणून अन्नपदार्थ विकायचा तर २०१७ च्या नियमांप्रमाणे प्रमाणीकरण लागते. लहान उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना काही सूट आहे, पण ज्याचा ऊसच सेंद्रिय नाही त्याला ती सूट काय कामाची? तिने नकार दिला आणि एक दिवस गुऱ्हाळावर काढला. काहिलीवरची वाफ, मळी काढणारा गुळव्या, रस निवळण्यासाठी घातलेले भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी, तयार ढेपा यांची छायाचित्रे घेतली आणि लिहिले की येथे हायड्रॉस पावडर वापरत नाहीत, म्हणून हा गूळ पिवळाधमक नसून तपकिरी आहे. रंगाचे वैगुण्यच पुढे मांडलेले पाहून मालक महिनाभर रुसले. पैसे दिले ते 'सेंद्रिय' हा शब्द न लिहिल्याबद्दल पाचशे रुपये कापून. पुढच्या हंगामात त्याच पानावरून पुण्याच्या मागण्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी नवे काम दिले. ते पाचशे मात्र परत दिले नाहीत.

येणे वसूल करणे हे घरून काम करणाऱ्या बाईचे सर्वांत मोठे दुखणे. तिची उद्यम नोंदणी आहे. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर वेळेत न दिलेली रक्कम देणाऱ्याला प्रत्यक्ष देईपर्यंत आपल्या खर्चात धरता येत नाही. हे सर्व तिला पाठ आहे. पण ज्याच्याकडे येणे आहे त्याची पत्नी प्रवचनाला शेजारीच बसते, तेथे कलमे कशी काढणार? "वहिनी, दिवाळी झाली की देतो." शेवटी तिने निम्मी रक्कम आधी आणि उरलेली पान सुरू करण्यापूर्वी, असा नियम केला. नातेवाइकांना तो आवडला नाही.

मागच्या वर्षी दौंडला आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. न्हावरे, चौफुला करीत एसटीने ती धाकटीला घेऊन गेली आणि अकरा दिवस राहिली. आईच्या डोळ्यांत ठरल्या वेळी थेंब घालून मधल्या वेळात दोन कामे पूर्ण केली. गिऱ्हाइकांना ती शिरूरमध्ये नाही हे कळलेही नाही. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली. पगार चांगला आणि खात्रीचा. पण रोजचे जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरहून अधिक, शिक्रापूर-वाघोलीच्या वाहनकोंडीतून. घरात चर्चा सुरू झाली. "इथे तरी काय मिळते तिला?" असे कोणीसे बोलून गेले.

त्या रात्री तिने आपली वही सासऱ्यांसमोर ठेवली. गेली दिवाळी झाल्यापासून ती कामाची मिनिटेही लिहीत होती. सासऱ्यांनी ती वही आपला रोजमेळ वाचावा तशी, बोट फिरवीत, पहिल्या पानापासून वाचली. एका पानाशी थांबले. पंधरा हजारांचे काम. तयार करायला ९६ तास, दिल्यानंतरच्या फोनांना आणि दुरुस्त्यांना ३१ तास. त्यांनी समासात पेन्सिलीने भागाकार केला. तासाला ११८ रुपये.

"रविवारी माल उतरवायला येतो त्या पोराला आपण तासाला किती देतो, माहीत आहे?" त्यांनी मुलाला विचारले. मुलगा गप्प राहिला. "आणि ही तर वीज, यंत्र, जागा काहीच धरत नाही." मग सुनेकडे वळून म्हणाले, "बेटा, धंदा तोट्यात नाही. तू भाव चुकीचा लावलास. नोकरी करायची की नाही ते तू ठरव, पण या भावाने इथे बसू नकोस."

चाळीस वर्षे कापड विकलेल्या माणसाचे हे मूल्यमापन होते आणि तिने ते त्याच अर्थाने घेतले. कंपनीला तिने पूर्णवेळ येण्यास नकार कळवला आणि मराठी पानांचे काम शिरूरहून करण्याची तयारी दाखवली. त्यांनी महिन्याला ठरावीक काम देण्याचे मान्य केले, पगाराच्या मानाने रक्कम निम्मीच. सकाळी दहा ते एक माडीचे दार लोटलेले असते, आणि तेवढ्या वेळात आलेल्याला चहा पतीने करायचा, असे ठरले आहे. चहा अजून फारसा जमत नाही. पाडव्यापासून तिने दर वाढवले, दिल्यानंतरच्या दुरुस्त्यांचे वेगळे बिल सुरू केले. पहिल्या महिन्यात दोन व्यापारी सोडून गेले. त्यांपैकी एकाच्या डोमेनची मुदत ऑगस्टमध्ये संपते. ते त्याच्याच नावावर आहे, पैसेही त्यानेच भरायचे आहेत. वहीत त्या तारखेसमोर तिने लाल शाईने लिहून ठेवले आहे, 'फोन करणे'.