दस्ता, नळी आणि मूळ प्रत

बंदुकीविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे प्रारंभीच मान्य करतो. आम्ही उभयता महाविद्यालयात मराठी शिकवतो. शस्त्राशी आमचा संबंध आला तो एवढाच, की आमच्यापैकी एकीने विद्यार्थिदशेत एन.सी.सी.च्या शिबिरात 'पॉइंट टू टू' रायफलीच्या पाच गोळ्या झाडल्या आणि त्यांतल्या दोन शेजारणीच्या लक्ष्यावर लागल्या. तरीही हा लेख एका पॉइंट टू टू रायफलीविषयीच आहे. कारण तिच्या निमित्ताने आमच्या हातून एक अन्याय घडला.

2024 च्या उन्हाळी सुटीत आम्ही पेनसिल्व्हेनियात वहिनींकडे गेलो होतो. दादा 2021 साली गेले. त्यानंतरची ही आमची पहिलीच भेट. दादांनी फार पूर्वी शेजाऱ्याच्या नादाने एक रूगर 10/22 घेतली होती. रविवारी सकाळी क्लबात जाऊन कागदी लक्ष्यावर पन्नास गोळ्या झाडायच्या आणि दुपारी वरणभात जेवून झोपायचे, हा त्यांचा क्रम. शिकार त्यांनी कधी केली नाही. लाकडी दस्त्यावर जिथे त्यांचा गाल टेके तिथले पॉलिश उडून लाकूड पाटीच्या कडेसारखे गुळगुळीत झाले होते.

पहिल्याच शनिवारी पुतण्याने ती रायफल तिजोरीतून काढली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून तीवर ठेवली. शेजारी दोन खोकी होती. एकात जाडजूड पोलादी नळी, दुसऱ्यात ॲल्युमिनियमची काळी चासी. चासी म्हणजे लाकडी दस्त्याची जागा घेणारा धातूचा सांगाडा. त्याने एक स्क्रू सोडवला, पुढची पट्टी सैल केली आणि दादांचा दस्ता अलगद बाजूला निघाला.

आम्हांला राहवले नाही. "अरे, बाबांची आठवण होती ती. निदान लाकूड तरी ठेवायचंस," आम्ही म्हणालो. शिक्षकी पेशात आवाज चढायला वेळ लागत नाही. पुतण्या काही बोलला नाही. वहिनी ओट्याशी होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

तो काम करत राहिला आणि आम्ही, काहीशा ओशाळ्या कुतूहलाने, पाहत राहिलो. ही रायफल 1964 साली बाजारात आली. नावातला 10 हा आकडा तिच्या फिरत्या मॅगझिनमधल्या काडतुसांचा. पुष्कळ रायफलींत नळी आट्यांवर फिरवून घट्ट केलेली असते. हिच्यात ती एका इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी धरून ठेवलेली असते. दोन्ही स्क्रू सोडवले, की नळी हातात येते. त्यामुळे जे काम एरवी कारागिराकडे न्यावे लागते, ते इथे जेवणाच्या टेबलावर होते.

एवढी खटपट रायफलीवरच का, असे आम्ही विचारले. त्याचे उत्तर आम्हांला पटले. या काडतुसात ठिणगी देणारे द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते, मध्यभागी नव्हे. मारेकरी घोडा त्या कडेवर आपटतो, कड चेपते आणि काडतुसाचा जन्म संपतो. ते पुन्हा भरता येत नाही. मोठ्या काडतुसांचे शौकीन दारूचे प्रमाण स्वतः मोजून भरतात. इथे कारखान्यातून आले ते मुकाट्याने वापरायचे. म्हणजे काडतूस बदलता येत नाही, निवडता येते. आणि बदलायचे म्हटले तर रायफलच बदलावी लागते. क्लबातल्या पन्नास यार्डांच्या स्पर्धेत तो उतरू लागला होता, आणि जुन्या बारीक नळीच्या गोळ्या त्याला हव्या तितक्या जवळजवळ पडत नव्हत्या.

मधला धातूचा भाग उचलून तो म्हणाला, "काका, कायद्यानं रायफल म्हणजे एवढीच. नंबर यावर आहे. बाकी सगळे पार्ट्स." अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यात या भागालाच, म्हणजे रिसीव्हरला, बंदूक मानले आहे, म्हणून नळी आणि चासी एखाद्या पुस्तकासारख्या टपालाने दाराशी येऊ शकतात. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात सुटे भागही 'शस्त्रा'च्या व्याख्येत येतात. पुण्यात हे टेबल असे मांडता आलेच नसते, आणि त्याचे आम्हांला वाईट वाटत नाही. त्या देशात बंदुकीने घडणारे अनर्थ आपण वाचतो. पॉइंट टू टू लहान असली तरी खेळणे नव्हे, हे पुतण्याही जाणून होता; काडतुसे वेगळ्या कुलपात होती आणि ती त्या दिवशी बाहेर आलीच नाहीत.

मग त्याने दादांचा दस्ता आमच्या हाती दिला आणि नवी नळी त्याच्या खोबणीवर ठेवली. ती खाली उतरेना. जाड नळी, अरुंद खोबण.

"काकू, ही बसवायची तर लाकूड आतून कोरावं लागतं. सगळे तसंच करतात. एक तासाचं काम आहे." थोडे थांबून तो म्हणाला, "मला ते कोरायचं नव्हतं."

म्हणून चासी. दोन महिन्यांचे पैसे साठवून.

आम्ही गप्प झालो. शके 1506 मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. जुन्याला हात कुठे लावावा आणि कुठे लावू नये, यावर आमची व्याख्याने तयार असतात. आणि तो विवेक डोळ्यांपुढे घडत असताना आम्हांला तो ओळखता आला नाही. आम्ही त्याला क्षमा मागितली. "इट्स ओके," तो म्हणाला. वहिनींनी तेव्हा वळून पाहिले.

नवी नळी बसली. दोन्ही स्क्रू त्याने आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. मग खिशातून एक डॉलरची नोट काढून नळी आणि चासी यांच्या फटीतून मागपर्यंत सरकवली. नळीला कुठेही स्पर्श होता कामा नये. ती मोकळी राहिली तरच प्रत्येक वेळी सारखी थरथरते. दुसऱ्या दिवशी क्लबात त्याने झाडलेल्या पाच गोळ्यांची भोके आमच्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. दादांना हे पाहायला मिळाले नाही, एवढेच मनात आले.

परतण्याच्या आदल्या रात्री त्याने जुना दस्ता आणि जुनी नळी तेल लावून दादांच्या एका पंचात गुंडाळली. स्क्रू वेगळ्या डबीत. केव्हाही पुन्हा जोडता येतील, असे तो म्हणाला. गाठोड्यावर त्याने चिकटपट्टी लावली आणि तीवर, बहुधा आमच्यासाठीच, मराठीत लिहिले: 'बबा'.

आमच्यापैकी एकाच्या खिशात लाल पेन होते. ते तिथेच राहिले.