सोमवारची पोटदुखी

परवा डबे आवरताना मागे गेलेली ओव्याची छोटी डबी सापडली आणि दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवला.

लेक तेव्हा सहावीत होती. सोमवार उजाडला की, "आई, पोटात दुखतंय." आजीने ओवा नि काळं मीठ दिलं. मंगळवारी पुन्हा तेच. शनिवारी दुपारपासून मात्र पोरगी एकदम टुणटुणीत! तिसऱ्या आठवड्यात माझा पारा चढला. "नाटकं पुरे आता," म्हणाले. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं अजून टोचतं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. "म्हणजे दुखत नाहीये ना?" मी जिंकल्यासारखं विचारलं. "दुखतंय. कारण पोटात नाहीये, एवढंच," ते म्हणाले. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, छाती धडधडते, पोट ढवळतं. 'पोटात गोळा आला' असं आपण उगाच का म्हणतो?

मग वाटलं, राहू दे चार दिवस घरी. पण डॉक्टरांनी तेही नको म्हटलं. घरी राहिलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेनेच भीती आणखी पक्की होते. दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडणं जास्तच जड जातं. ओरडायचं नाही आणि घरीही ठेवायचं नाही... मग करायचं काय?

एका रात्री दिवा मालवल्यावर, अंधारात तीच बोलली. गणिताच्या तासाला फळ्यापाशी उदाहरण अडलं आणि वर्ग हसला होता. "त्यात काय एवढं!" हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. "मग काय वाटलं गं तुला?" एवढंच विचारलं. ती पाऊण तास बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंना भेटले. ठरलं ते असं: पहिले काही दिवस छोट्या सुट्टीपर्यंतच शाळा, मग पूर्ण दिवस. फळ्यावर आधी मैत्रिणीबरोबर जायचं, नंतर एकटीने. मध्ये दोनदा गाडी रुळावरून घसरली. पण दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा घरी येऊन म्हणाली, "आज चुकलं, पण मी पुसून परत केलं."

पोट अजूनही दुखतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी. आता आम्ही दोघी त्याला ओळखतो. ती हळूहळू लांब श्वास सोडते, मी शेजारी बसते आणि उपदेश करत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड जातं!

सगळ्यांचं इतक्यावर भागेल असं नाही. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलू लागलं, तर वाट बघू नका, समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 2022 पासून आहे. 14416 वर फोन केला तर मराठीतही बोलता येतं.

ओव्याची डबी पुन्हा जागेवर ठेवली. ओवा द्यावाच. फक्त तो देताना, "काय झालं गं?" हेही विचारावं.