फिरता लाल

लाखेचा लाल कागदावर येत नाही. क्रिमझन घेतला तर थंड पडतो, व्हर्मिलियन घेतला तर भडक होतो. दोन्हींचे पातळ थर एकावर एक वाळवत गेलं की वाटतं, आला. मग कागद पुरता सुकतो आणि आलेला लाल गुपचूप निघून जातो. मी ज्याच्या मागे आहे तो लाल आतूनच ओलसर चमकायचा, आणि त्याला वास होता. उन्हात तापलेल्या लाखेचा, किंचित गोड, किंचित धुरकट. भोवरा मुठीत घेऊन मी झोपायचे, आणि सकाळी तळव्याला तोच वास असायचा.

सावंतवाडी माझं आजोळ. भोवरा मामाने चितारआळीतून घेऊन दिला होता. तिथल्या दुकानांत हलक्या पांगाऱ्याची रंगवलेली फळं मांडलेली असायची. आंबे, केळी, सीताफळं, इतकी खरी की हात लावल्यावर वजन न लागल्याचं नवल वाटावं. पांगारा फाल्गुनात पानं टाकून नुसता लालच होऊन उभा राहतो, त्यामुळे त्याच्या लाकडात रंग आधीपासून असणार असं मला लहानपणी अगदी ठाम वाटे. भोवरा मात्र जड लाकडाचा होता. कमरेला लाल, त्यावर पिवळा पट्टा, मग हिरवा, खाली पुन्हा लाल, आणि टोकाला लोखंडाची आर.

तो घडताना पाहिलं ते मला अजून दिसतं. यंत्रावर लाकूड गरगरत असतं आणि कारागीर त्याला रंगीत लाखेची कांडी नुसती टेकवतो. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि फिरत्या लाकडाभोवती आपोआप कडं उमटतं. मग केवड्याचं पान दाबून धरलं की त्या कड्यावर पाणी चढतं. ब्रश नाही, वाळायची वाट पाहणं नाही. लाकूड फिरतंय म्हणून रंग लागतोय; थांबलं तर लागणारच नाही. माझा भोवरा जन्मला तोच फिरत फिरत.

म्हणूनच असेल, फिरताना त्याचे पट्टे विस्कटत नसत. चकतीवर फाका रंगवून ती फिरवली तर रंग एकमेकांत मिसळतात. भोवऱ्याची कडी जागच्या जागी राहतात. ऐन वेगात असला की तो जमिनीत रोवल्यासारखा निश्चल दिसायचा. तो फिरतोय हे सांगायचा तो फक्त त्याचा आवाज, ते बारीक घुमणं.

आणि एक. वाडीतल्या पोरांच्या भोवऱ्यांच्या आरींनी त्याला जागोजाग खाचा पडल्या होत्या. लाख उडाली होती, एका बाजूला पिवळ्या पट्ट्यातून उघडं लाकूड दिसत होतं. पण जाळी गुंडाळून तो सोडला, त्याने वेग धरला, की खाचा नाहीशा व्हायच्या. नवाकोरा, अखंड, चितारआळीतून आताच आणल्यासारखा. वेग उतरू लागला की तो डोलायचा, आणि एकेक खाच परत दिसू लागायची. किती वेळा पाहिलं असेल मी हे, पोट जमिनीला टेकवून, हनुवटी हातांवर ठेवून.

आता सांगा, हे कागदावर कसं आणायचं? खाचा काढाव्या तर तो थांबलेला होतो. न काढाव्या तर दुकानातला होतो, माझा राहत नाही. शार्दँ या फ्रेंच चित्रकाराने भोवरा पाहणारा मुलगा रंगवला आहे; 1738 साली पॅरिसच्या सलाँमध्ये मांडलेलं ते चित्र आता लूव्रमध्ये आहे. टेबलावर पुस्तकं, दौतीत पीस, आणि सगळं सोडून मुलगा त्या चिमुकल्या भोवऱ्याकडे बघतोय. शार्दँने भोवरा जरा कलता काढला. तेवढ्या कलण्याने तो फिरतो. मला ते चित्र फार आवडतं. पण माझ्या आठवणीतला भोवरा कलत नाही, तो सरळ उभा आहे.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवताना पाहिले तेव्हाही हेच मनात घोळत होतं. तिथल्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवींनी ही कला पुन्हा उभी केली. दहा अवतारांच्या 120 पानांचा डाव, प्रत्येक पान गोल. बारीक ब्रश धरलेला हात स्थिर होता आणि दुसऱ्या हातातलं पान हळूहळू वळत होतं. मी तिथून लवकर निघू शकले नाही.

मग परवा कधीतरी, लाल सोडून, मी त्याच्या खालची जागा पाहू लागले. ती जमीन नव्हतीच. मामा हातजाळी करायचा. भोवरा फेकून, जमिनीला लागायच्या आत जाळीच्या हिसक्याने वर उचलून तळहातावर झेलायचा, आणि तसाच घुमता भोवरा माझ्या हातावर उतरवायचा. “भियां नको गो, चावत नाय तो.” चावायचा नाहीच; नुसत्या गुदगुल्या, पार कोपरापर्यंत. काजूचे दिवस असायचे. बोंडं पिळून बिया काढून, सोलून त्याचे तळवे चिकाने काळे पडलेले, कातडी ठिकठिकाणी सुटलेली, रेषांत तर तो काळा असा बसलेला की पावसाळा लागला तरी जात नसे. त्या तळव्यावर माझा भोवरा निश्चल उभा असायचा. खाचा हव्या होत्या ना? त्या सगळ्या त्या हातावर होत्या.

भोवरा आता नाही. मामाही नाही. हात मात्र मला पाठ आहे.

तो काळा ट्यूबमधून येत नाही. बर्न्ट अंबरमध्ये इंडिगो सोडायचा, पाणी अगदी कमी, आणि अंगठ्याच्या मुळाशी, जिथे कातडी सुटून खालची कोवळी गुलाबी दिसायची, तेवढा कागद कोरा ठेवायचा. लाल सगळ्यात शेवटी लावायचा.