भुईगाव ते सोपारा : एका दिवसाची पायपीट

आमच्या नांदूरघाटच्या नावात घाट आहे, पण समुद्र आमच्यापासून फार लांब. आमच्या केज तालुक्यातली मांजरा नदी गोदावरीला मिळते आणि गोदावरी जाते पूर्वेला, बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्याकडचे पाणीसुद्धा कोकणाकडे तोंड करीत नाही. माणसे मात्र जातात. दसरा झाला की गाड्या भरतात आणि बीड जिल्ह्यातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत फिरायचे नाही. आमच्या लोकांच्या पायाला चालणे काही नवे नाही. पण चालायचे ते पोटासाठी, लग्नाला, मयतीला, किंवा १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबरला. नुसते 'पाहायला म्हणून' जाणे ही आमच्याकडे श्रीमंतांची गोष्ट समजली जाते.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यात आम्ही सहा जणांनी एक दिवस समुद्राच्या काठाने चालायचे ठरवले, तेव्हा गावात विचारणा झालीच. "पैसा जास्त झाला का?" असे एकाने तोंडावर विचारले. पैसा जास्त झाला नव्हता. वर्षभर दर महिन्याला थोडी थोडी वर्गणी बाजूला टाकली होती आणि तिचा हिशेब आमच्या वहीत होता. आमच्यात एक शिक्षक, एक एसटीतून निवृत्त झालेले वाहक, बावीस हंगाम ऊस तोडून कंबर धरलेले तात्या, त्यांच्या पत्नी आक्का आणि आमची सौभाग्यवती अशी मंडळी होती. तात्यांनी आणि आक्कांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता.

निघताना गंमत झाली. केजपर्यंत जाणाऱ्या जीपला चालकाने लिंबू-मिरची बांधली. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "अष्टमीचं कुठं चाललाव, दिस बगून तरी निघावं." आम्ही हसलो आणि निघालो. खरे म्हणजे दिवस आम्ही बघूनच ठरवला होता, पण तो भरती-ओहोटीसाठी. ते पुढे येईलच.

केजहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून लोकलने नालासोपारा. अंतर चारशे किलोमीटरच्या वर. नालासोपाऱ्यात आमचा भाचा राहतो. एका कारखान्यात कामाला आहे. त्याच्या दीड खोलीत सहा माणसे कशी मावली हे त्याच्या बायकोलाच ठाऊक! एक रात्र विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भुईगावला पोहोचलो.

भुईगावच का, हे वाचकांना सांगितले पाहिजे. सम्राट अशोकाने आपल्या धम्माच्या आज्ञा डोंगरांवर, शिळांवर कोरवल्या. त्यातल्या मोठ्या शिलालेखांपैकी महाराष्ट्रात सापडलेले तुकडे आहेत ते या सोपारा परिसरातले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावात मिळाला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी हा दगड उजेडात आला. हा योगायोगच, पण ऐकताना अंगावर काटा आला. दोन्ही तुकडे आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी.

भुईगावच्या सुरूच्या झाडांखाली शिदोरी सोडली. आमच्या शिक्षक मित्रांनी नवव्या लेखाचा आशय सांगितला. लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकार्ये करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान. 'प्रवासाला निघताना' हे ऐकताच सगळ्यांना जीपचे लिंबू आठवले. सव्वादोन हजार वर्षे झाली, पण लिंबू सुटत नाही!

त्या लेखात असेही आहे की बायका फार आणि क्षुल्लक विधी करतात. हे ऐकल्यावर आक्कांनी लगेच हरकत घेतली. "लिंबू कुणी बांधलं? डायवर बाईमाणूस व्हता का?" यावर कोणाला उत्तर देता आले नाही. मग आक्काच म्हणाल्या, "नोकराशी नीट वागावं म्हनला ना राजा? ते आमच्या मुकादमाला वाचून दावा." एवढा सरळ अर्थ आम्ही कोणत्याही व्याख्यानात ऐकला नव्हता.

तिथून वाडीतल्या रस्त्याने निर्मळमार्गे कळंबच्या किनाऱ्याकडे निघालो. वसईचा हा पट्टा म्हणजे केळीच्या, फुलांच्या आणि भाजीच्या बागा. विहिरीला पाणी आहे, सावली आहे. इथल्या केळीची सुकेळी प्रसिद्ध. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात. वाटेत ख्रिस्ती बांधवांची घरे, क्रूस, चर्च, मंदिरे, सगळे शेजारी शेजारी. एका घरी पाणी मागितले तर बाईंनी आधी सगळ्यांना ओटीवर बसवले, मग पाणी दिले. कुठले, कोण, हे नंतर विचारले. आमच्या पिढीने पाणी मागताना आधी जात विचारलेली ऐकली आहे. तात्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि पाणी हळूहळू प्याले.

कळंबला समुद्र दिसला. तात्या किती तरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बांध न्हाई कुठं."

आता भरतीचे गणित. किनाऱ्यावर जाळे विणीत बसलेल्या एका कोळी काकांनी ते समजावून सांगितले आणि आम्ही कारकून माणूस असल्याने फारच आवडले. मुंबईच्या या किनाऱ्याला तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या सुमारास भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून पौर्णिमेला भर दुपारच्या आसपास पाणी वर येते. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित जमते. भाच्याने हेच पाहून आम्हाला अष्टमीला बोलावले होते. ओहोटीला ओली वाळू कडक असते, चालायला रस्त्यासारखी. भरतीला मऊ वाळूत पाय रुततात आणि माणूस दमतो. अष्टमी आपल्याला उपोसथाचा दिवस म्हणून ठाऊक. समुद्राच्या लोकांना ती पाण्याच्या हिशेबाने ठाऊक.

कळंबहून राजोडी, राजोडीहून नवापूर, नवापूरहून अर्नाळा. एका बाजूला सुरूची झाडे, दुसऱ्या बाजूला पाणी. भुईगावपासून सगळी मिळून दहा-बारा किलोमीटरची चाल असेल. आमची सौभाग्यवती आणि आक्का चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेने चालत होत्या. वाहक मित्र सवयीने प्रत्येक गाव आले की "चला, राजोडी! नवापूर!" असे ओरडत होते. उन्हाचे म्हणाल तर ते होतेच, पण वारा असल्याने कळत नव्हते. हाच धोका आहे. डोके झाकावे आणि पाणी बरोबर ठेवावे.

अर्नाळ्याला पोहोचलो तेव्हा बोंबील वाळत घातले होते. बांबू उभे करून दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर बोंबील लटकवलेले. वास असा की नवख्याने नाक धरावे. आमच्या घरी बाजारातून येणारा सुका बोंबील असा तयार होतो, हे आम्ही प्रथमच पाहिले. समोर समुद्रात बेटावर अर्नाळ्याचा किल्ला दिसत होता. मराठ्यांनी तो १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला. होडीने जाता येते, पण आमचा मुक्काम दुसरीकडे होता.

तात्यांचे लक्ष किल्ल्याकडे नव्हतेच. ते आणि आक्का बोंबील उलटणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसले. रोजगार किती, किती तास, पोरांना कोण बघते, असे सगळे विचारून झाले. बायकांनीही विचारले, ऊस कसा तोडतात, मोळी किती जड असते. बोलता बोलता एक मावशी म्हणाल्या की होडीवरच्या खलाशांना हंगामाआधीच पैसे द्यावे लागतात, नाहीतर माणूस मिळत नाही. ते पैसे फिटेपर्यंत तो त्या होडीवर. पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद, तेव्हा घर कशावर चालवायचे? मग पैसे घ्यावेच लागतात.

तात्या एकदम ताठ बसले. "म्हंजी तुमच्यातबी उचल हाय!"

मावशींना शब्द नवा होता, पण अर्थ लगेच कळला. मग दोन्हीकडच्या बायका हसल्या. ते हसणे काही सुखाचे नव्हते. चारशे किलोमीटर लांबची माणसे एकाच वहीत नाव असल्यासारखी एकमेकांकडे पाहत होती. निघताना मावशींनी आक्कांच्या पिशवीत बोंबलाची जुडी घातली, पैसे घेतले नाहीत. आक्कांनी आपल्या शिदोरीतल्या ज्वारीच्या चार भाकऱ्या त्यांना दिल्या.

उन्हे कलल्यावर रिक्षाने सोपाऱ्याला आलो. स्तूपाला आसपासचे लोक पूर्वीपासून 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. धम्माचा विसर पडला, तरी टोपल्या विणणाऱ्या बुरुडाचे नाव त्या मातीला चिकटून राहिले. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो उकलला. आत दगडी करंडा आणि त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या. सर्वांत आत सोन्याची डबी. तिच्यात भिक्षापात्राचे मातीचे तुकडे होते. भोवती बुद्धांच्या आठ लहान ब्राँझच्या मूर्ती होत्या. त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही तिथे मिळाले. यज्ञश्री म्हणजे सातवाहन राजा आणि सातवाहनांचे पैठण आमच्या बीडच्या शेजारचे. मराठवाडा आणि हा किनारा यांची ओळख अशी जुनी आहे. कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या सतिमित नावाच्या भिक्खूने दिलेला खांब आहे आणि नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. त्या काळी इथले बंदर गजबजलेले होते. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपले.

तथागतांचा शिष्य पुण्ण याच भागातला, असे परंपरा सांगते. तो आपल्या मुलखात धम्म सांगायला निघाला, तेव्हा तिथली माणसे कठोर आहेत, शिव्या देतील, मारतील, मग काय करशील, असे तथागतांनी त्याला विचारले. प्रत्येक प्रश्नाला त्याने शांतपणे, त्या माणसांचा चांगुलपणा शोधूनच उत्तर दिले. मगच त्याला निरोप मिळाला.

स्तूपासमोर पंचशील झाले. मग शिक्षक मित्रांनी सोपाऱ्याच्या आठव्या लेखाचा आशय सांगितला. पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला यात्रा काढीत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानाला भेट दिली आणि तेव्हापासून मौजेच्या यात्रेऐवजी धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना भेटणे व दान देणे, वृद्धांना भेटून मदत करणे, आणि गावोगावच्या लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे आणि विचारपूस करणे. राजाला यात जास्त आनंद वाटला.

तात्यांनी विचारले, "मंजी आज आपुन केलं तेच की?"

शिक्षक म्हणाले, "तुम्ही केलं तात्या. आम्ही समुद्र बघत होतो."

वाचकहो, आपल्या समाजात फिरणे म्हणजे चैन, अशी समजूत पक्की आहे आणि ती गरिबीतून आलेली आहे. पण पोटासाठी लांब जाणारा आपला माणूस तिथली झोपडी आणि फड एवढेच पाहून परततो. दुसऱ्या कष्टकऱ्याच्या घरात तो पाहुणा म्हणून कधी बसत नाही. त्यामुळे आपले दुःख तेवढे आपले, असे त्याला वाटत राहते. स्वतःच्या खुशीने एक दिवस चालले, चार माणसांशी बोलले, की हे कुंपण पडते. यासाठी फार पैसा लागत नाही.

दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपण जातोच. यापुढे मंडळांनी आपल्या खर्चाच्या वहीत आणखी एक दिवस धरावा. सकाळी वस्तुसंग्रहालयात जाऊन अशोकाचे दोन्ही तुकडे मुलांना दाखवावेत, दुपारी विरारच्या लोकलने सोपाऱ्याला यावे. किनाऱ्याने चालायचे असेल तर तिथीची पाऊणपट करून ओहोटी पाहावी. म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्यावे. विशेषतः ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या फडासाठी पायपीट केली, त्यांना तर न्यावेच.

आमच्या वहीत पुढच्या वर्षाची वर्गणी सुरू झाली आहे. पहिले नाव तात्यांचे आहे, दुसरे आक्कांचे. दोघांची नावे वेगवेगळी लिहिली आहेत, कारण आक्कांनीच तसे सांगितले. कोयता एक असला तरी माणसे दोन आहेत!