यंदा पण मला ताप येणार आहे का?

परवा रात्री मोबाईलवर गावाच्या गाडीच्या तारखा बघत बसलो होतो. शेजारी लेक. तिसरीत आहे. तिने अगदी सहज विचारलं, "बाबा, यंदा पण मला ताप येणार आहे का?"

हसू आलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. म्हणून हे लिहितोय. थोडं मोठं आहे, पण शाळेत जाणारं मूल घरात असेल तर वाचा.

गोष्ट गेल्या एप्रिलची, म्हणजे 2025 ची. आम्ही डोंबिवलीत, गाव कुडाळजवळ. दादा मस्कतहून चार वर्षांनी येणार होता, तेही मोजून दहा दिवस. 28 एप्रिलला त्याचं परतीचं विमान. आईची तब्येत तोळामासा, सगळी भावंडं एकदा तरी एकत्र या असा तिचा धोशा. रेल्वेचं आरक्षण आता 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, म्हणून फेब्रुवारीत सकाळी आठला दोन मोबाईल घेऊन बसलो आणि 22 एप्रिलची तुतारी मिळवली. आमच्या शाळेच्या परीक्षा दरवर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत आटपायच्या. कसलीच काळजी नव्हती.

मार्चमध्ये परिपत्रक आलं. राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत, निकाल 1 मे रोजी. आमच्या लेकीचे दोन पेपर नेमके शेवटच्या दिवसांत. पुढच्या तारखांना कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांची वेटिंग लिस्ट बघून डोळे फिरले. आणि गाडी मिळाली असती तरी दादाच्या सुट्टीतला एखादाच दिवस हाती लागला असता.

घरात चर्चा झाली ती अशी: "दुसरीत कोण नापास करतंय? शेवटच्या आठवड्यात शिकवतात तरी काय?" आणि मी बाईंना व्हॉट्सअ‍ॅप केला. तिला ताप आहे, डॉक्टरांनी आठवडाभर आराम सांगितलाय. पाठवला तेव्हा लेक बॅगेत खेळणी भरत होती. तिला म्हटलं, "कोणी विचारलं तर ताप होता म्हणून सांगायचं हं."

तिने ते फार मनावर घेतलं.

गावी पोचलो. आजी पडवीतच उभी, "इलंस गो बाय!" म्हणत. आंबे, फणस, चुलत भावंडं, सगळं होतं. पण कोणी फोटो काढायला लागलं की ही आजीच्या पाठी लपायची. "फोटो टाकू नका, बाईंना दिसेल." मुलं नदीवर निघाली तर ही पायरीवर बसून. काय झालं विचारलं तर म्हणाली, "ताप असताना पाण्यात जायचं नसतं ना." दादा पोट धरून हसला. मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना. सात वर्षांच्या पोरीच्या सुट्टीत मी माझं खोटं बांधून पाठवलं होतं, आणि ती ते इमानदारीने सांभाळत होती.

1 मे रोजी निकाल घ्यायला मी एकटाच परत आलो. बाईंनी विचारलं, "बरी आहे का आता?" मान हलवणार होतो, पण नाही हलली. खरं काय ते सांगून टाकलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत होतं. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या सात जणांना ताप आला होता."

मग त्यांनी जे सांगितलं ते अजून डोक्यात आहे. त्यांचं माहेर बीड जिल्ह्यातलं, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. दसरा जवळ आला की वडील संध्याकाळी घरोघर जायचे. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांना विनवायचे, पोराला नेऊ नका, आजीजवळ ठेवा, नाहीतर हंगामी वसतिगृहात पाठवा. काही ऐकायचे. काहींनी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, मागे सांभाळायला कोणी नसायचं. ती पोरं कारखान्यावर जायची आणि हंगाम संपला की परत यायची. काही शाळेत परत यायचीच नाहीत. "त्यांच्या हातात काही नव्हतं हो," बाई म्हणाल्या. "तरी ते बाबांना खरं सांगून जायचे."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निघताना त्यांनी एक घडी घातलेला कागद दिला. लेकीच्या बाकावरच्या मैत्रिणीने काढलेलं चित्र. दोन मुली, मध्ये एक झाड. तिच्या वडिलांची नाशिकला बदली झाली होती. शेवटच्या दिवशी ती चित्र घेऊन आली आणि आमची जागा रिकामी. शेवटच्या आठवड्यात शिकवतात तरी काय, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर होतं.

आता मुद्द्याचं बोलतो.

गावाला जाणं हा गुन्हा नाही. आजीकडे घालवलेले आठ दिवस हेही शिक्षणच आहे आणि तेव्हा गेलो याचा मला आजही पस्तावा नाही. पस्तावा खोट्याचा आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास सांगितलेत. त्यात एप्रिलचा शेवटचा आठवडाही येतो, हे शाळांनी पाळावं आणि आपणही. पण मग वेळापत्रक जूनमध्येच हातात द्या. तिकिटं फेब्रुवारीत निघतात आणि परिपत्रक मार्चमध्ये येतं, यात पालकही अडकतात आणि शिक्षकही. विदर्भातल्या उन्हाचा प्रश्न तर याहून मोठा.

शाळांना एक विनंती. रजेच्या अर्जात "कौटुंबिक कारण, प्रवास" असा सरळ रकाना ठेवा. दिवसांची मर्यादा घाला, बुडालेला अभ्यास पालकांनी करून घ्यावा अशी अट घाला. आम्ही सही करू. खरं बोलायला जागा असली तर खोटं बोलायची वेळ कमी येईल.

आणि पालकांना, म्हणजे आपल्याला. आपण बुडवलेला पेपर बाईंनाच पुन्हा घ्यावा लागतो, तोही निकालाच्या घाईत. सात तापवाल्यांसाठी सात वेळा. आपली सुट्टी कोणाच्या तरी वेळातून जाते, एवढं लक्षात ठेवू.

यंदाचं वेळापत्रक आमच्या शाळेने अजून दिलेलं नाही. मी मेच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं बघतोय. त्याआधी जायची वेळ आलीच तर अर्जात कुडाळला जातोय असंच लिहीन, आणि अर्ज लेकीला वाचून दाखवेन. तिला तसं सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग फोटो काढले तरी चालतील."

तुमच्या शाळेत काय पद्धत आहे? खाली लिहा. आणि जमलं तर खरं कारण लिहा.