चिंच आणि आम्ही

स्वयंपाकघरात जी वस्तू तोंडाला पाणी आणते, तीच संडासाकडे नेली की घरातल्या माणसांच्या कपाळाला आठ्या पाडते. चिंचेचेच पाहा. तिने देवाची उपकरणी लखलखतात याचे कुणाला नवल नाही, पण तोच कोळ मी संडासाच्या भांड्यावर ओतला, तेव्हा आई म्हणाली, "अरे, त्वरितादेवीच्या गावात राहतोस! तोंडात घालायची वस्तू ती!"

पण आमच्या विंधनविहिरीचे पाणी जड. भांड्यावर चढणारे पिवळट पुट बहुतांशी चुन्याचे. त्यापुढे घासणी थकते, आंबट मात्र त्याला विरघळवते. रात्री कोळ नाहीतर पिळलेली लिंबे चोळून ठेवावीत, सकाळी काथ्याने घासावे. धुऊन झाल्यावर राखेचा हात फिरवावा. दोन्ही एकदम नकोत. आंबट आणि राख एकमेकांचे बळ खातात. लिंबू-सोड्याच्या फेसातही गंमत फार, सफाई थोडी.

बाजारच्या बाटलीत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यात ब्लिचिंग पावडर पडली की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली बेल्जममध्ये ईप्रच्या रणांगणावर याच वायूने सैनिक गुदमरून मेले. शिवाय शोषखड्ड्यात मैल्याची माती करणारे जंतू असतात. असली जहाल औषधे भरमसाट ओतली, तर तेही मरतात.

इतके सांगूनही आईच्या आठ्या गेल्या नाहीत. मास्तराच्या हाती खराटा, हे तिचे खरे दुःख! ते दुःख जुने आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण हा मैला काही जातींच्या डोक्यावर दिला. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले, तर सवर्णाला ते मिळेना. त्यांनी त्यासाठी अन्नावर बंधन घातले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपोषण केले. काम टाळण्यासाठी रुसणारे पुष्कळ पाहिले. हे काम मिळावे म्हणून उपाशी राहणारे विरळा! माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 साली झाला. 2013 साली पुन्हा एक करावा लागला.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गात स्वच्छतेवर निबंध लिहून घेतो. मुले सुरेख लिहितात. यंदा मी नुसते विचारले, "घरचा संडास कोण धुतो?" एकूण एक हात मुलींचे वर आले. मुलांना मी सुट्टीचा अभ्यास दिला आहे : मूठभर चिंच, थोडा काथ्या आणि स्वतःचे दोन हात.